सहावं नाव

"मावशी, माज्या आयचा नंबर कुठवर आला?"

बोस्को परेरा गाळ्याच्या दारातच थांबला होता. पायातल्या रबरी बुटांना बर्फाचं पाणी लागलेलं होतं आणि आतली लादी नुकतीच पुसलेली होती. टेम्पो त्याने रस्त्याच्या पलीकडे लावला होता. उत्तनहून पहाटे निघून मीरा रोडच्या बाजारात मासळी उतरवायची आणि परत जाताना शांती नगरातल्या या गाळ्यावर एकदा विचारून जायचं, असा त्याचा तीन महिन्यांचा क्रम होता.

मंदाताई तळवणेकरांनी रजिस्टर उघडलं. उघडायची खरं तर गरज नव्हती. पहिल्या ओळीत त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : जोआन परेरा, वय ७९, उत्तन, खुब्याचं हाड मोडलेलं.

"पहिलाच आहे रे," त्या म्हणाल्या. "पण बेड कुठे परत आलाय अजून?"

"न्हाय आला?"

"नाही."

बोस्कोने मान हलवली. "आला की फोन करा. मी टेम्पो घेऊन लगेच येन." तो वळला, मग पुन्हा थांबला. "आयच्या पाठीला परवा रक्त आलं थोडं. चटईवर हाय ना. म्हणून विचारलं."

तो गेल्यावर मंदाताईंनी रजिस्टर मिटलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून त्या बसून राहिल्या. बेड परत आला होता. नऊ दिवसांपूर्वी, वरसाव्याच्या एका घरून. त्या क्षणी तो भाईंदरला, इंद्रलोकमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, मंदाताईंच्याच आतल्या खोलीत होता आणि त्यावर त्यांचे यजमान झोपले होते.

संस्थेचं नाव 'सोबत'. आजारी माणसाच्या घरी लागणाऱ्या वस्तू गरज असेल तोवर वापरायला द्यायच्या आणि काम झालं की परत घ्यायच्या, एवढंच तिचं काम. वॉकर, चाकांच्या खुर्च्या, कमोडच्या खुर्च्या भरपूर होत्या. फाउलर बेड, म्हणजे दांडा फिरवला की डोक्याकडची बाजू वर उचलली जाते तो दवाखान्यातला लोखंडी पलंग, असे मात्र अकराच होते आणि ते कायम कोणाच्या ना कोणाच्या घरी असायचे. म्हणून यादी. यादी ठेवायचं काम बारा वर्षं मंदाताईंकडे होतं. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केलेल्या बाईला चिटणीस करायचं हे अध्यक्षांनी, दत्ताराम परुळेकरांनी, पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. "मंदाताईंच्या अक्षरात लिहिलं की ते खरंच असतं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

सात महिन्यांपूर्वी बबनरावांना अर्धांगाचा झटका आला. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून चौतीस वर्षं खांबांवर चढलेला तो माणूस उजव्या अंगाने लुळा पडला. बोलणंही गेलं. 'हो', 'नको' आणि 'मंदे' एवढे शब्द परत आले. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या पाठीला जखम झाली, तेव्हा मंदाताईंनी त्यांचंही नाव यादीत घातलं, जिथे यायला हवं होतं तिथेच. सहावं.

परुळेकर काका एके दिवशी बबनरावांना बघायला आले, तेव्हा मंदाताई त्यांना भरवण्यासाठी उठवून बसवत होत्या. खांद्याखाली हात घालून वर ओढलं की ते पुन्हा खाली घसरायचे. तिसऱ्यांदा घसरले तेव्हा मंदाताईंच्या तोंडून "अहो, जरा जोर लावा की हो!" असं निघून गेलं आणि बबनराव लहान मुलासारखे रडायला लागले. काका दारात उभे होते. चहाही न घेता गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं बेड घेऊन आली. चिठ्ठीवर अध्यक्षांची एकट्याची सही होती.

मंदाताई तेव्हा म्हणू शकल्या असत्या की परत न्या. उलट त्यांनी दाराचा पडदाही बाजूला धरला, बेड अडू नये म्हणून. आणि त्याच दुपारी जुना दिवाण वॉचमनच्या घरी देऊन टाकला, खोलीत दोन्ही मावत नव्हते म्हणून. नऊ दिवस बबनराव पाठ टेकून, ताठ बसून, डाव्या हाताने स्वतःची आमटी स्वतः प्यायले. नऊ दिवस रजिस्टरमध्ये त्या बेडपुढचा रकाना कोरा राहिला.

तो रकाना त्यांना रोज दिसायचा. पण बोस्कोला 'नाही' म्हणेपर्यंत तो फक्त रकाना होता.

विश्वस्तांची सभा रविवारी सकाळी दहाला होती. पाचही जण आले होते. परुळेकर काका डोक्याकडच्या खुर्चीत. त्यांच्याशेजारी सेलीन नुनीस, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. चंदनभाई शाह, ज्यांच्या औषधाच्या दुकानातून संस्थेची निम्मी कामं व्हायची. आणि कौस्तुभ, गेल्याच वर्षी आलेला, सगळ्यांत लहान, वय चौतीस.

कौस्तुभने विश्वस्त झाल्या झाल्या एक ठराव आणला होता. ज्या विश्वस्ताचा किंवा त्याच्या घरच्यांचा ज्या विषयाशी संबंध असेल, त्याने त्या वेळी बाहेर बसावं, मत देऊ नये. काका तेव्हा खळखळून हसले होते. "अरे, आपण इथे काय कोणाचं लुटायला बसलोय? सगळी घरातली माणसं." ठराव तसाच राहिला होता. आणि इतिवृत्तात 'पुढील सभेत विचार व्हावा' असं लिहिणाऱ्या मंदाताईही तेव्हा हसल्या होत्या.

नेहमीचे विषय झाले. काकांनी विचारलं, "आयत्या वेळचे काही?"

"माझा एक आहे," मंदाताई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. सभेत कोणी उभं राहून बोलत नसे. चंदनभाईंनी मोबाइल खाली ठेवला.

"नऊ नंबरचा बेड माझ्या घरी आहे. यादीत आमचं नाव सहावं आहे. पहिलं नाव जोआन परेरा. त्यांचा मुलगा मंगळवारी विचारायला आला होता. मी त्याला सांगितलं, बेड आलेला नाही."



"मंदाताई, बसा बघू," काका म्हणाले. "हा विषयच नाही. बेड मी पाठवलाय. सही माझी आहे."

"म्हणूनच विषय आहे, काका."

"भाभी, ये सब लिखने का क्या काम है?" चंदनभाई समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुम्ही एवढं करता संस्थेसाठी. घरचीच गोष्ट आहे ही."

"घरची असती तर मी इथे आणली नसती, चंदनभाई."

सेलीन इतका वेळ टेबलाकडे बघत होती. "मंदा, त्याची पाठ मी बघितलीय," ती म्हणाली. "तो बेड काढलास तर जखम परत चिघळेल. तुला माहीत आहे ना?"

"मला माहीत आहे. तू हे यांना सांग. सगळं सांग. फक्त मी इथे असताना नको. माझ्यासमोर कोणी मनातलं बोलणार नाही." त्यांनी इतिवृत्ताची वही कौस्तुभपुढे सरकवली. "तू लिही. नावासकट लिही."

आणि त्या काचेचं दार ओढून बाहेर आल्या.

बाहेर बसायला काही नव्हतं. परत आलेली एक चाकांची खुर्ची धुवायला काढून ठेवली होती, तिच्यावर त्या बसल्या. शेजारी फूटपाथवर चंपा भाजी लावून बसायची. मेथीच्या जुड्यांवर पाणी मारता मारता तिने बघितलं.

"दीदी, बाहर कैसे बैठी?"

"मीटिंग चालू है."

"आपकी ही तो मीटिंग रहती है."

"आज मेरे बारे में है."

"लो!" चंपाने पाण्याचा डबा खाली ठेवला. "फिर तो आपको अंदर होना चाहिए. पीठ पीछे बात करेंगे सब."

"वही तो करने दे रही हूँ," मंदाताई म्हणाल्या आणि त्यांना हसू आलं. हसता हसता डोळे भरून आले, तेव्हा त्यांनी पदर तोंडावर धरला. चंपाने कोथिंबिरीची एक जुडी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली.

आतून काकांचा चढलेला आवाज आला. "बारा वर्षं! बारा वर्षं त्या बाईने एक सुट्टी घेतली नाही..." पुढचं ऐकू आलं नाही. मग सेलीनचा आवाज, हळू, बराच वेळ.

कौस्तुभने दार उघडलं. "काकू, या."

मंदाताई आत गेल्या. सेलीनचे डोळे लाल झाले होते. तीच बोलली.

"मीच सुचवलं. बेड यादीप्रमाणे जाईल." तिने मंदाताईंचा हात धरला आणि सोडला नाही. "मी आधी तुझ्याच बाजूने बोलले, मंदा. मग मला त्या म्हातारीची पाठ दिसायला लागली. मी तर तिला बघितलंही नाहीये."

"बरोबर केलंस," मंदाताई म्हणाल्या.

परुळेकर काका खिडकीकडे तोंड करून बसले होते. ऐंशी वर्षांच्या त्या माणसाची मान शर्टाच्या कॉलरमध्ये एकदम बारीक दिसत होती. बायको गेल्यावर तिचा वॉकर आणि खुर्ची घेऊन त्यांनी ही संस्था सुरू केली होती, त्याच गाळ्यात.

"माझी चूक लिही, कौस्तुभ," ते न वळता म्हणाले. "तिची नको. मला वाटलं, माझ्या हातून होतंय म्हणजे चांगलंच होतंय. यादी आहे हे मी त्या दिवशी विसरलो नव्हतो. मला ती बघायची नव्हती."

"काका, यापुढे दोघांच्या सह्या ठेवू," कौस्तुभ म्हणाला. आवाज अगदी खाली होता, जणू तोच काहीतरी कबूल करत होता. "आणि माझा तो जुना ठराव."

"घे तोही. मी मांडतो. अनुमोदन कोण देतंय?"

चंदनभाईंनी हात वर केला.

"माझंही लिही," मंदाताई म्हणाल्या. "बोस्कोला मी खोटं सांगितलं, ते."

कौस्तुभचं पेन थांबलं. "काकू, त्याची गरज आहे का?"

"तो तीन महिने विचारायला येतोय. त्याला काय सांगितलं गेलं, ते कुठेतरी लिहिलेलं असायला हवं."

त्याने लिहिलं. त्याचं अक्षर वाईट होतं. मंदाताई ते उलट्या बाजूने वाचत राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी कोथिंबीर निवडली, भात टाकला आणि मग आतल्या खोलीत जाऊन बेडच्या कडेवर बसल्या. बबनराव टेकून बसले होते. त्यांनी डाव्या हाताने वाटी मागितली.

"देते. आधी ऐका." मंदाताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अहो, हा बेड आपल्या नंबराचा नव्हता. उत्तनची एक म्हातारी आहे, तिचा होता. चटईवर आहे बिचारी. उद्या तिचा मुलगा न्यायला येईल."

बबनरावांचे ओठ हलले, आवाज यायला वेळ लागला.

"नको."

"बेड नको म्हणता, की न्यायला नको?"

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. जेवण भरवताना नेहमीसारखं स्वतःच खाण्याचा हट्ट त्यांनी केला नाही. मंदाताईंनी भरवलं, त्यांनी खाल्लं.

सोमवारी दुपारी बेल वाजली. दारात बोस्को होता, हातात दोरी. आज पायात बूट नव्हते, धुतलेल्या चपला होत्या. कौस्तुभने त्याला फोनवर फक्त इमारतीचं नाव आणि मजला सांगितला होता.

"मावशी? तुम्ही हितं?"

"हे माझंच घर. ये."

तो आत आला. आतल्या खोलीच्या दारातून त्याला बेड दिसला आणि बेडवरचे बबनरावही. त्याने दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मंगळवारी मी तुला खोटं सांगितलं," मंदाताई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी सकाळपासून मनात घोळवलं होतं, तरी ते वेगळंच बाहेर आलं, तुटक. "बेड तेव्हा इथेच होता. आज पंधरा दिवस झाले. तुझ्या आईचा होता."

"पंधरा दिवस," बोस्को म्हणाला.

मंदाताई वाट बघत राहिल्या. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो बबनरावांच्या उशीकडे, औषधाच्या बाटल्यांकडे, बेडखालच्या लघवीच्या भांड्याकडे एकेक करून बघत होता. ही खोली त्याला ओळखीची होती.

"मी रोज आयला सांगायचो," तो शेवटी म्हणाला, "त्या मावशी हायेत ना, त्या लय सरळ हायेत. त्यांनी न्हाय म्हटलं म्हणजे न्हायच."

मंदाताईंनी मान खाली घातली.

"ह्यांना कुठं ठेवायचं?" बोस्कोने विचारलं.

"खाली गादी घातलीय. दुसरं काही नाहीये सध्या. थांब, मी वॉचमनला बोलावते, तिघं मिळून..."

"वॉचमन बेड उचलायला लागेल. ह्यांना मी घेतो."

तो बेडजवळ गेला, वाकला आणि बबनरावांच्या तोंडासमोर तोंड आणलं. "काका, मी बोस्को. मी तुम्हाला खाली ठेवनार हाय. तुमी डावा हात माज्या मानेत घाला. घट्ट. मी सांगंन तवाच."

मंदाताईंना वाटलं, हे आता भिंतीकडे तोंड फिरवतील. बबनरावांनी बोस्कोकडे बघितलं, आणि त्यांचा डावा हात हळूहळू वर आला.

बोस्कोने घाई केली नाही. आधी त्यांना कुशीवर वळवलं. कुशीवर करताना सदरा वर सरकला आणि पाठीच्या खालच्या बाजूची जखम उघडी पडली, रुपयाएवढी, कडेने लाल. तो थांबला. त्याने आपल्या बोटांनी तिच्याभोवतीची कातडी अलगद दाबून बघितली, हात लागेल न लागेल असा.

"आयची बी अशीच," तो म्हणाला. "हितंच."

मग एक गुडघा बेडला टेकवून त्याने त्यांना उचललं. एवढा उंच माणूस त्या हातांवर कुठेही न लोंबकळता, न अडखळता खाली आला. गादीवर ठेवल्यावरही त्याने हात लगेच काढले नाहीत. बबनरावांचा श्वास जागेवर येईपर्यंत तसाच वाकून राहिला.

"मावशी, एक जुनी चादर द्या. दुमडून कमरेखाली घालायची. आडवी. सरकवायचं झालं तर मानसाला वढायचं न्हाय, चादरीला वढायचं. हे बघा." त्याने दाखवलं. "आता तुमी करा."

मंदाताईंनी खाली बसून चादरीची टोकं धरली आणि ओढली. बबनराव वीतभर वर सरकले, सहज. सात महिन्यांत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"आणि टाचेखाली टॉवेलची गुंडाळी. टाच टेकू द्यायची न्हाय. मना एका नर्सबाईंनी शिकवलं, आय दवाखान्यात होती तवा."

वॉचमन वर आला. बेडचे दोन भाग सुटे केले. लिफ्टमध्ये काही ते मावेनात, म्हणून जिन्याने न्यायचं ठरलं. बोस्कोने पावती मागितली. मंदाताईंनी रजिस्टरमधला कागद कौस्तुभकडून आधीच सहीसाठी आणून ठेवला होता. दोन सह्या झालेल्या होत्या, काकांची आणि सेलीनची. बोस्कोने नऊ नंबरच्या बेडपुढे आपलं नाव सावकाश लिहिलं.

"तुमचा नंबर कितवा, मावशी?"

"आता पाचवा."

त्याने पेन परत दिलं. राग गेला होता की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं आणि मंदाताईंना ते विचारायचा हक्क वाटत नव्हता.

"गुरवारी मी हिकडे मासळी घेऊन येतो," तो म्हणाला. "परत जाताना वर येन. काकांना एकदा नीट कुशीवर करून जाईन. पाठीला वारा लागला पायजे." आणि बेडचं जड टोक खांद्यावर घेऊन तो उलटा, पायरी चाचपत जिना उतरायला लागला. खालून बराच वेळ लोखंडाचा आवाज येत राहिला, मग टेम्पो सुरू झाल्याचा.

मंदाताईंनी दार लावलं. खोली एकदम मोठी वाटत होती. जिथे बेड होता तिथली लादी त्यांनी झाडली, औषधं खिडकीत मांडली आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही. दुपारचे तीन वाजले होते. कंबर दुखत होती. गादीच्या कडेला, लादीवरच, त्या आडव्या झाल्या.

बबनराव जागे होते. आजारपणानंतर आधी त्या अरुंद दिवाणावर आणि मग त्या उंच बेडवर ते एकटेच झोपत आले होते, आणि मंदाताई बाहेरच्या खोलीत. त्यांचा चेहरा इतक्या जवळून, इतक्या सरळ रेषेत दिसला नव्हता. डाव्या भुवईतला एक केस फारच लांब वाढला होता.

"रागावलात का?" त्यांनी विचारलं.

बबनरावांनी 'हो' म्हटलं नाही, 'नको' म्हटलं नाही. डाव्या हाताने ते बराच वेळ काहीतरी खटपट करत होते. उशी सरकत होती, पण ती काही त्यांना हवी तशी जाईना. मंदाताई मदतीला उठणार तोच त्यांनी तोंडाने आवाज करून त्यांना थांबवलं.

उशीची अर्धी बाजू गादीबाहेर, मंदाताईंच्या डोक्याजवळ आली, तेव्हा त्यांनी हात खाली ठेवला.

"मंदे," ते म्हणाले.

मंदाताईंनी डोकं टेकवलं.